डायलिसिसवरच्या पेशंटच्या किडनीत सिस्ट: ट्रान्सप्लांटनंतर त्यांचं काय होतं?

तिसरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. हा प्रश्न पेशंट आणि नातेवाईक वारंवार विचारतात, म्हणून इथे एकदाच नीट मांडतो.

पेशंटची किडनी डायबेटिसने किंवा बीपीने गेलेली असते. घरात कुणालाच सिस्टचा आजार नसतो. डायलिसिसला पाच-सात वर्षं झालेली असतात. ट्रान्सप्लांटच्या तयारीसाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये साधारण असं येतं: "दोन्ही किडन्या लहान, उजवी 7.4 सेमी, डावी 7.1 सेमी. कॉर्टेक्स पातळ आणि इकोजेनिक. दोन्हीकडे अनेक सिस्ट, सर्वात मोठी उजवीकडे खालच्या टोकाला 2.1 × 1.8 सेमी, आत बारीक इको."

एवढं वाचून माणूस घाबरतो. नेटवर शोधलं की पॉलिसिस्टिक किडनी आणि टॉल्वाप्टानच्या गोळ्या पुढे येतात. मग पोरांच्याही तपासण्या करायच्या का, इथपर्यंत गाडी जाते.

विचारायचं असं: हा तोच आजार आहे का? सिस्टमधून पाणी काढायचं का? नवी किडनी बसली की जुन्या किडन्यांतल्या या सिस्ट जातात का, आणि गेल्या तर विषय संपला का? शिवाय अशा पेशंटला लघवीतून रक्त आलं तर मशीनवर आम्ही नेमकं काय बदलायचं? नेफ्रॉलॉजिस्ट सांगतातच, पण रात्रीच्या शिफ्टला डॉक्टर फोनवर असतात.

---

नेफ्रॉन

तो आजार हा नव्हे. याला अक्वायर्ड सिस्टिक किडनी डिसीज म्हणतात, म्हणजे जन्माने न आलेला, किडनी निकामी झाल्यावर झालेला. इथे सोयीसाठी एसीकेडी लिहितो. पोरांना येत नाही, त्यामुळे केवळ या रिपोर्टवरून त्यांच्या तपासण्या करण्याचं कारण नाही.

फरक ओळखायला किडनीचा आकार पाहा. आनुवंशिक पॉलिसिस्टिकमध्ये, म्हणजे एडीपीकेडीमध्ये, किडनी डायलिसिसला येईपर्यंत प्रचंड वाढलेली असते, पोटाला हाताला लागते. बहुतेकांना लिव्हरमध्येही सिस्ट असतात आणि घरात इतिहास असतो. एसीकेडीत किडनी आकसलेली, सात-आठ सेंटिमीटरची, सिस्ट बहुतेक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान, क्वचित दोन-तीन सेंटिमीटरच्या, आणि किडनीबाहेर कुठेही नाहीत. एखाददुसरी सिस्ट वयाबरोबर कुणालाही होते, ती यात धरत नाहीत. दोन्ही किडन्यांत प्रत्येकी किमान तीन तरी हव्यात. काही जण चार किंवा पाच धरतात.

टॉल्वाप्टान विसरा. ते एडीपीकेडीमध्ये, तेही किडनी चालू असेपर्यंत, तिचा ऱ्हास मंदावण्यासाठी आहे. डायलिसिसवर त्याचा उपयोग नाही.

हे का होतं, तर असं. बहुतेक नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या नळ्या, मेले की उरलेल्यांवर भार येतो. युरेमियाचं, म्हणजे किडनी बंद पडल्याने रक्तात साठलेलं, विष आणि वाढीचे घटक मिळून त्या उरलेल्या नळ्यांच्या पेशींना सतत वाढायला लावतात. नळीचं अस्तर जाड होतं, कुठे वाट बुजते, मागे द्रव साठतो, सिस्ट तयार होते. पेशी अशा सारख्या विभागत राहणं हीच पुढे कॅन्सरची जमीन आहे, म्हणून या सिस्टकडे नुसतं "पाण्याचे फुगे" म्हणून बघता येत नाही.

डायलिसिस मशीनमुळे हे होतं असा समज आहे, तो चूक. पेरिटोनियल, म्हणजे पोटातून होणाऱ्या, डायलिसिसवरही तितकंच होतं, आणि काहींना डायलिसिस सुरू होण्याआधीच सिस्ट असतात. ठरतं ते किडनी निकामी होऊन किती वर्षं झाली यावर. सुरुवातीला साधारण पाचातल्या एकाला, पाचेक वर्षांनी निम्म्याच्या आसपास लोकांना, दहा वर्षांनी बहुतेक सगळ्यांना. पुरुषांत जास्त आणि झपाट्याने. गमतीची गोष्ट म्हणजे पहिली काही वर्षं किडनी आकसतच जाते आणि नंतर सिस्टमुळे पुन्हा वाढायला लागते. म्हणून जुना रिपोर्ट जपून ठेवायचा. 7.1 ची 8.6 झाली तर ती "सुधारली" नाही.

ऑक्सफर्डच्या डनिल आणि सहकाऱ्यांनी 1977 साली हे स्पष्टपणे मांडलं. हिमोडायलिसिसवरच्या 30 पेशंटच्या शवविच्छेदनात 14 जणांच्या किडन्या अशा निघाल्या, आणि त्यातल्या 6 जणांत गाठीही (ट्यूमर) होत्या. पुढे जपानमध्ये इशिकावांनी तेच पेशंट वर्षानुवर्षं स्कॅन करून पाहिले. तिथे ट्रान्सप्लांट कमी आणि डायलिसिसवर वीस-वीस वर्षं जगणारे पेशंट भरपूर, त्यामुळे या आजाराबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं तिकडून आलेलं आहे.

पाणी काढायचं का? नाही. सिस्ट डझनांनी असतात, एक रिकामी करून काही साधत नाही. उलट हिपॅरिनवरच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधावरच्या, पेशंटला सुई घातली की रक्तस्राव आणि इन्फेक्शन ओढवून घ्यायचं. गाठीचा संशय असेल तर तो स्कॅनने सोडवायचा.

आता ट्रान्सप्लांट. एक गोष्ट बऱ्याच नातेवाईकांना ठाऊक नसते: जुन्या किडन्या काढत नाहीत. नवी किडनी खाली जांघेच्या वर, कमरेच्या खड्ड्यात बसते आणि जुन्या दोन्ही मागे बरगड्यांखाली आहेत तिथेच राहतात. नवी नीट चालली की युरेमिया जातो, वाढीचा रेटा थांबतो, आणि जुन्या किडन्या लहान होत जातात. सिस्टही आकसतात, कित्येक दिसेनाशा होतात. इशिकावांनी 1983 सालीच हे दाखवलं होतं. काही महिन्यांतच फरक कळतो. क्रिएटिनिन जेवढं चांगलं तेवढं हे ठळक. नवी किडनी पुढे बंद पडून पेशंट डायलिसिसवर परतला तर सिस्ट पुन्हा वाढतात, आणि बंद पडलेल्या त्या ट्रान्सप्लांटच्या किडनीतही होऊ शकतात.

पण सिस्ट जाणं आणि गाठ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधीच बसलेली गाठ ट्रान्सप्लांटने विरघळत नाही, आणि वरून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात. ट्रान्सप्लांट झालेल्यांत किडनीच्या कॅन्सरचा धोका सर्वसामान्य माणसाच्या साधारण पाच ते सात पट धरतात, आणि तो बहुतेक जुन्याच किडन्यांत होतो. जर्मनीत हॅनोव्हरला 561 ट्रान्सप्लांट पेशंट सोनोग्राफीने तपासले, त्यात एसीकेडी असलेल्यांत दर पाचातल्या जवळपास एकाला किडनीचा कॅन्सर आधी झालेला किंवा नव्याने सापडलेला होता. एसीकेडी नसलेल्यांत दोनशेत एक.

याचा अर्थ ट्रान्सप्लांट नको असा कुणी काढू नये. अमेरिकेतली मोठी नोंद पाहिली तर किडनीचा कॅन्सर नवी किडनी चालू असलेल्या काळापेक्षा ती बंद असलेल्या, म्हणजे डायलिसिसच्या, काळात जास्त आढळतो.

---

काळा_पांढरा

नेफ्रॉन यांच्याशी सहमत. स्कॅनच्या बाजूने थोडी भर.

वरच्या रिपोर्टमध्ये घाबरायला लावणारे शब्द "अनेक सिस्ट" हे नाहीत. बघायचे शब्द शेवटचे आहेत: "आत बारीक इको". म्हणजे सिस्टमध्ये नुसतं पाणी नाही. बहुतेक वेळा ते जुनं रक्त असतं, पण सोनोग्राफीवर रक्त आणि गाठ कधीकधी सारखीच दिसते. अशा रिपोर्टवर "सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी" हे माझ्या मते पुरेसं उत्तर नाही. त्याच वेळी पुढचा स्कॅन करून ती एक सिस्ट निकालात काढावी.

पुढचा स्कॅन म्हणजे कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला), आणि त्यात साधा, बिनकॉन्ट्रास्टचा फेज हवाच हवा. कॉन्ट्रास्ट न देता सिस्टची घनता मोजायची, मग देऊन मोजायची. 20 एचयू (सीटीवरचं घनतेचं माप) किंवा त्याहून जास्त वाढली तर आत रक्तपुरवठा आहे, म्हणजे गाठ. 10 च्या आत वाढ असेल तर सिस्ट. 10 ते 20 मध्ये शंका. साधा फेज वाचवला की 60-70 एचयूची जुन्या रक्ताची सिस्ट थेट "गाठ" म्हणून रिपोर्ट होते, किंवा उलट खरी गाठ सुटते. बिनकॉन्ट्रास्टमध्येच एकसारखी 70 च्या वर असेल तर ती रक्ताची सिस्ट, तिथे काळजी नाही.

एक मेख अशी की या पेशंटमधल्या पॅपिलरी प्रकारच्या गाठी कॉन्ट्रास्ट फार कमी घेतात, आणि आकसलेली किडनीही कमीच घेते. त्यामुळे शंकेच्या पट्ट्यात बरेच जण येतात. सिस्ट किती संशयास्पद ते ठरवायला बॉस्निअॅक वर्गवारी वापरतात, पण ती अशा किडन्यांसाठी बनलेली नाही, तिला इथे मर्यादा आहेत.

शंका राहिली तर एमआरआय किंवा मायक्रोबबल सोनोग्राफी. मायक्रोबबलचा वायू फुप्फुसावाटे बाहेर पडतो, किडनीचा संबंधच नाही, त्यामुळे डायलिसिस पेशंटला तो सोयीचा. मात्र सगळीकडे मिळत नाही. एमआरआयच्या गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टची भीती 2006 पासूनची आहे, तेव्हा डायलिसिस पेशंटची कातडी आणि सांधे कडक होण्याच्या आजाराशी त्याचा संबंध लागला. तो मुख्यतः जुन्या लिनियर औषधांचा दोष. हल्लीच्या मॅक्रोसायक्लिक औषधांत धोका अगदी कमी आहे. तरी कोणतं औषध देणार ते विचारा, आणि पुढचं डायलिसिस लगेच पडेल अशी वेळ घ्या.

सीटीच्या आयोडीन कॉन्ट्रास्टनंतर तातडीने जादा डायलिसिस लागत नाही, नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे करा. फक्त ज्यांना अजून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर लघवी होते त्यांची ती टिकवायची असते, म्हणून तिथे नेफ्रॉलॉजिस्टला विचारूनच. आणि सुई फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडून तयार केलेल्या, हाताला नाही! सीटी रूममध्ये शीर सापडेना की सगळ्यांची नजर त्या फुगलेल्या शिरेवर जाते. दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागची शीर घ्यायला सांगा.

ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी एक गोष्ट, जी सर्रास हुकते. फॉलोअपला "ट्रान्सप्लांट किडनी डॉपलर" असा फॉर्म येतो. प्रोब कमरेच्या खड्ड्यावर ठेवतात, रक्तप्रवाह बघतात, रिपोर्ट नॉर्मल. जुन्या किडन्यांकडे कुणी फिरकतसुद्धा नाही, कारण फॉर्मवर तसं लिहिलेलंच नसतं. फॉर्मवर "जुन्या दोन्ही किडन्याही पाहणे, लांबी व सिस्ट लिहिणे" असं लिहून घ्या. त्या पाहायला पेशंटला कुशीवर वळवावं लागतं, श्वास धरायला लावावा लागतो, पोट गॅसने भरलेलं नसावं. पाच मिनिटं जास्त लागतात.

---

मूत्रमार्गी

गाठ सापडली तर काय, ते सांगतो.

एरवी चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला आम्ही फक्त गाठीपुरता भाग काढून किडनी वाचवतो. इथे वाचवायला काम करणारी किडनीच नाही आणि गाठी अनेकदा एकाहून जास्त असतात, त्यामुळे पूर्ण किडनी काढतात, बहुतेक दुर्बिणीतून. तीन सेंटिमीटर आणि वर असेल, वाढत असेल, किंवा ट्रान्सप्लांट जवळ आलं असेल तर वाट बघत नाहीत. लहान गाठींमध्ये मतभेद आहेत. वय, हृदय, ट्रान्सप्लांटची शक्यता हे सगळं पाहून ठरतं.

या गाठी बहुतेक संथ असतात. त्यातला एसीकेडीशी जोडलेला खास प्रकार 2016 पासून डब्ल्यूएचओच्या यादीत वेगळा आहे. मायक्रोस्कोपखाली त्यात ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात. संथ असल्या तरी पसरतच नाहीत असं नव्हे.

दोन्ही किडन्या एकदम काढायची घाई नको. उरलीसुरली लघवी जाते, म्हणजे दोन डायलिसिसमधलं पाणी आणखी आवरावं लागतं. हिमोग्लोबिन घसरतं, रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचा डोस वाढतो. काहींचं बीपी इतकं उतरतं की डायलिसिस ओढणं अवघड होतं. एक काढली असेल तर दुसरीवर दरवर्षी नजर, कारण दुसऱ्या बाजूला गाठ होण्याची शक्यता खरी आहे. पेरिटोनियल डायलिसिसच्या पेशंटची किडनी पाठीमागच्या बाजूने काढली तर पोटाचं अस्तर शाबूत राहतं. सर्जनशी हे आधीच बोलून घ्यावं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आणि नंतरची डायलिसिस हिपॅरिनशिवाय. रक्त चढवायची वेळ आली तर शक्य तितकं टाळा, कारण ट्रान्सप्लांटच्या उमेदवाराला दुसऱ्याच्या रक्ताने अँटिबॉडी तयार होतात आणि मग जुळणारी किडनी मिळणं कठीण होतं. द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं द्या.

किडनी काढल्यावर ट्रान्सप्लांटला किती थांबायचं? केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे तपासणीत योगायोगाने सापडलेली तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ असेल तर थांबायची गरज नाही. सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर असेल तर किमान दोन वर्षं, मोठा आणि आजूबाजूला घुसलेला असेल तर पाच. म्हणून पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हरवू देऊ नका. झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप पाहणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव चालू ठेवायचं की तात्पुरतं थांबवायचं, हे ट्रान्सप्लांट टीम त्या रिपोर्टवरच ठरवते.

---

नेफ्रॉन

तिसरी_शिफ्ट, रक्ताचा प्रश्न राहिला होता.

एसीकेडीचा रक्तस्राव तीन प्रकारे दिसतो. लघवी लाल होते. किंवा रक्त सिस्टमध्येच साठून कुशीत दुखतं आणि लघवी स्वच्छ असते. किंवा सिस्ट बाहेरच्या बाजूला फुटून किडनीभोवती रक्त साठतं. हा तिसरा प्रकार जिवावरचा: कुशीत एकदम तीव्र कळ, बीपी खाली, हिमोग्लोबिन काही तासांत दोन ग्रॅमने उतरलेलं. असा पेशंट मशीनवर असेल तर रक्त परत देऊन डायलिसिस थांबवा, डॉक्टरला कळवा आणि थेट ॲडमिट. तिथे सीटी होतं आणि रक्त थांबत नसेल तर ती रक्तवाहिनी आतून बंद करतात, म्हणजे एम्बोलायझेशन, नाहीतर किडनी काढतात.

साध्या लाल लघवीत मशीनवर करायचं ते असं, अर्थात डॉक्टरला फोन करून. बोलसही नाही, पंपही नाही: हिपॅरिन पूर्ण बंद. दर 15 ते 30 मिनिटांनी 100 ते 200 मिली सलाईनचा फ्लश. दर अर्ध्या तासाला 200 मिली म्हटलं तर चार तासांत दीड लिटरच्या आसपास पाणी जादा गेलं, तेवढं यूएफमध्ये, म्हणजे मशीनने काढायच्या पाण्यात, वाढवायचं. हे विसरलं की पेशंट "ड्राय वेट (जादा पाणी निघाल्यावरचं वजन) झालं नाही" म्हणून दम लागून परत येतो. ब्लड फ्लो पेशंटला झेपेल तितका वरचा ठेवा, मंद प्रवाहात सर्किट लवकर गोठतं. व्हीनस प्रेशर चढत जाणं आणि डायलायझर काळपट दिसणं या खुणा. मान किंवा छातीतला कॅथेटर असेल तर त्यात भरून ठेवलेलं हिपॅरिनही थोडं रक्तात जातंच, तिथे सायट्रेट लॉक मिळतो का पाहा.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करू नका. स्टेंट बसलेला असू शकतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नेहमीच्या डोसने देऊ नये. ते किडनीवाटे जातं, डायलिसिस पेशंटमध्ये साठतं आणि फिट येऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात "रक्त थांबायचं इंजेक्शन" म्हणून हेच मिळतं, म्हणून नातेवाईकांना सांगून ठेवा.

लाल लघवी थांबली तरी स्कॅन चुकवायचा नाही. गाठीचीही पहिली खूण तीच असते.

आणखी एक खूण टेक्निशियनच्या नजरेला आधी पडते. एरिथ्रोपोएटिनचा डोस कमी करत आणलाय, तरी हिमोग्लोबिन चढतंच आहे. इंजेक्शन बंद असूनही 13 च्या वर गेलं तर पेशंट खूश, स्टाफ खूश. सिस्ट असलेली किडनी किंवा गाठ स्वतः एरिथ्रोपोएटिन बनवू शकते. चार्टवर नोंद करून डॉक्टरला दाखवा.

---

घरचा_माणूस

माहितीबद्दल आभार. मग सगळ्यांनीच दरवर्षी सीटी करून घ्यावा का? आणि ट्रान्सप्लांटनंतर गाठ निघाली तर नवी किडनी जाते का?

---

काळा_पांढरा

माझं मत: ट्रान्सप्लांटच्या रांगेत असलेल्या, तीन वर्षांहून जास्त डायलिसिस झालेल्या प्रत्येकाची किमान सोनोग्राफी, आणि सिस्ट असतील तर एकदा तरी सीटी. ट्रान्सप्लांटनंतर वर्षातून एकदा जुन्या किडन्यांची सोनोग्राफी.

---

नेफ्रॉन

सोनोग्राफीबद्दल वाद नाही, केडिगोही ट्रान्सप्लांटच्या उमेदवारांत जास्त धोका असलेल्यांना तीच सुचवते. पण सरसकट दरवर्षी सीटी मला पटत नाही, आणि त्यावर जगात एकमतही नाही. सत्तरीचा माणूस, हृदय तीस टक्के चालतंय, ट्रान्सप्लांट होणारच नाही. त्याच्या किडनीत संथ वाढणारी दीड सेंटिमीटरची गाठ शोधून आपण फक्त त्याची झोप घालवतो. तिथे लक्षण दिसलं तरच तपास. चाळिशीचा, तब्येतीने चांगला, दहा वर्षं डायलिसिसवर असलेला पुरुष असेल तर मी स्वतः सीटीचा आग्रह धरेन, रांगेत असो वा नसो.

दुसरा प्रश्न. नवी किडनी जात नाही. गाठ जुन्या किडनीत, ती काढतात, आणि ती काढल्याने नव्या किडनीच्या कामाला धक्का लागत नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा फेरविचार होतो. टॅक्रोलिमसचा डोस उतरवणं, काहींना सिरोलिमस किंवा एव्हरोलिमसवर नेणं. दोन अडचणी असतात. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस जखम भरू देत नाहीत, म्हणून टाके नीट सुकेपर्यंत सुरू करत नाहीत. लघवीतून प्रोटीन जात असेल तर ते वाढतं. एव्हरोलिमस किडनीच्या कॅन्सरवर रोज 10 मिलिग्रॅम देतात आणि ट्रान्सप्लांटमध्ये 0.75 मिलिग्रॅम दोनदा, तेव्हा नाव तेच म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी पाहून गोळी घेऊ नये. पसरलेल्या कॅन्सरवरची नवी इम्युनोथेरपी मात्र नवी किडनी नाकारली जाण्याचा खरा धोका घेऊन येते, तिथे दोन्ही डॉक्टरांनी समोरासमोर बसून ठरवायचं असतं.

---

तिसरी_शिफ्ट

खूप आभार सर्वांचे. एक शेवटचं: ट्रान्सप्लांटनंतर हिमोग्लोबिन 17-18 झालेले पेशंट दिसतात. तेही यातलंच का?

---

नेफ्रॉन

बहुतेक वेळा नाही. ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या दोनेक वर्षांत काहींचं रक्त असं घट्ट होतं. जुन्या किडन्या एरिथ्रोपोएटिन सोडत राहतात, हे त्याचं एक कारण. 17 च्या वर राहिलं तर गुठळ्यांचा धोका, म्हणून एनालाप्रिल किंवा लोसार्टानच्या गटातली गोळी देतात, तिने बहुधा उतरतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मात्र आठवडा-दोन आठवड्यांत तपासायचं. गोळी सुरू करण्याआधी जुन्या किडन्यांची सोनोग्राफी झालीय ना, एवढं फाईल उघडून बघा. काळा_पांढरा म्हणाले तसं, तिथे बऱ्याचदा फक्त नव्या किडनीचं डॉपलर लावलेलं असतं.